सरकारी रुग्णालयाला मशीन द्यावं का? पैसा, माणसं आणि अधिकार यांचा हिशोब

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने विचारलं आहे: मंडळाकडे देणगीचे काही लाख रुपये जमलेत, त्यातून सरकारी रुग्णालयाला एखादं मशीन द्यावं असं ठरत होतं. पण सभासदांपैकी एकांचा नातू सरकारी रुग्णालयात भरती होता तेव्हा रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर होती, दोन औषधं बाहेरून आणावी लागली, आणि कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेलं एक मशीन दिसलं. त्यावर कुणा देणगीदाराच्या नावाची पाटी होती. तेव्हा खरी अडचण पैशाची आहे, माणसांची आहे की कारभाराची? आणि मंडळाने द्यावं तरी काय?

मी मध्य प्रदेशच्या आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून लागले, पुढे बरीच वर्षं रुग्णालयाचा कारभार पाहिला आणि तिथूनच निवृत्त झाले. आधी थेट उत्तर देते: आत्ता मशीन देऊ नका. तुमच्या पैशाला सरकारी रुग्णालयात फार चांगली जागा आहे, पण ती वॉर्डात फेरफटका मारून दिसत नाही.

पैसा, माणूस आणि निर्णय घेण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी रुग्णालयात तीन वेगवेगळ्या दारांनी आणि वेगवेगळ्या वेळी येतात. कधी पैसा असतो आणि तो खर्च करायचा अधिकार नसतो. कधी अधिकार असतो, पण काम करणारा माणूस संविदेवर असतो आणि त्याचा करार संपत आलेला असतो. कधी तज्ज्ञ डॉक्टर असतो, पण त्याच्या जोडीला लागणारा दुसरा तज्ज्ञ नसतो. मग आहे तोही पैसा आणि आहेत तीही माणसं वाया जातात. बाहेरून बघणाऱ्याला मात्र नुसता हलगर्जीपणा दिसतो.

एक उदाहरण सांगते. एका रुग्णालयात प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर संडासाचा पाइप गळायला लागला. खाली छताला ओल आली, मग थेंब पडू लागले. इन्चार्ज सिस्टरने त्याच दिवशी लेखी कळवलं. एका प्लंबरचं काम होतं, फार तर दोन दिवसांचं. पण इमारतीची दुरुस्ती लोकनिर्माण विभागाकडे आणि त्यांचं बजेट वेगळं, त्यामुळे रुग्णालयाच्या प्रमुखाला त्या पाइपला हात लावता येत नाही. नोटशीट तयार झाली, पत्र गेलं, त्यांचे इंजिनियर (उपयंत्री) बघून गेले, एस्टिमेट आलं. ते मंजूर होईपर्यंत त्या मदात (खर्चाच्या त्या शीर्षात) पैसे उरले नव्हते, पुढच्या तिमाहीची वाट बघायची होती. तोवर सिस्टर्सनी एक टेबल बाजूला सरकवलं, खाली बादली ठेवली आणि उरलेल्या टेबलांवर बाळंतपणं केली. सरतेशेवटी रोगी कल्याण समितीच्या, म्हणजे रुग्णालयाचं स्वतःचं खातं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पैशातून तो पाइप बदलला. या सगळ्यात कामचुकार कुणीच नव्हतं. जिला गळती दिसत होती तिच्या हातात शंभर रुपयेसुद्धा नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना गळती दिसत नव्हती.

आता पैशाचं. पैसा कमी आहे ही गोष्ट खरीच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे कोविडच्या खर्चासकट, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४ च्या वर होता, म्हणजे सुधारणा आहे. पण आजही घरातला एक माणूस आजारी पडला की सोनं गहाण पडतं, ते यामुळेच.

तरीही माझ्या अनुभवात कमी पैशाइतकाच त्रास पैसा उशिरा आणि अडून येण्याचा असतो. राज्याच्या बजेटमधून मुख्यतः पगार भागतात. कार्यक्रमांचा पैसा, म्हणजे लसीकरण, माता-बाल आरोग्य, क्षयरोग, आशा कार्यकर्त्यांचं मानधन, संविदा कर्मचारी, हा बराचसा राष्ट्रीय आरोग्य मिशनमधून येतो. त्यात केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. १ जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल (मुख्य) बँक खातं आलं. त्या पद्धतीत केंद्र वर्षाचा पैसा एकदम देत नाही, एका वेळी फार तर पंचवीस टक्के देतं, आणि आधीच्या पैशातले पंचाहत्तर टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. पडून राहणारा पैसा आटोक्यात आणायला हा नियम बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजू जिल्ह्यात बसल्यावर कळते. हिशोब राज्याचा मिळून होतो. एखाद्या जिल्ह्याने वेळेत खर्च केला आणि इतर पाच-सात जिल्ह्यांत खर्च अडकला, तर हप्ता सगळ्यांचाच लांबतो. मग आशाताईंचे पैसे थकतात, लॅब टेक्निशियनचा पगार दोन महिने येत नाही, आणि तो मुलगा एखाद्या खाजगी पॅथॉलॉजीत संध्याकाळची नोकरी धरतो. काही दिवसांनी तो सकाळीही येईनासा होतो.

वर्षाच्या शेवटी याच्या उलट चित्र असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक आवंटन (खर्चाला मंजूर रक्कम) येतं आणि एकतीस मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर सरेंडर करा असा निरोप येतो. भंडार क्रय (सरकारी खरेदीचे) नियम पाळून, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निविदा काढून, तीन आठवड्यांत शहाणपणाची खरेदी होत नाही. त्या दिवसांत जे पटकन मिळतं ते घेतलं जातं. गरज नर्सची आणि पाइपची असते, येतात खुर्च्या, प्रिंटर आणि कधीकधी मशीन. तुमच्या सभासदांना दिसलेलं मशीन देणगीचं होतं, पण सरकारी पैशातून घेतलेलीही अशी चादरीखाली असतात.

मशीन चादरीखाली का जातं तेही सांगते. पहिलं कारण म्हणजे ते चालवणारं पदच मंजूर नसतं. दुसरं, वॉरंटी संपल्यावर देखभालीचा करार कुणी करायचा ते ठरलेलं नसतं. सगळ्या सुट्या भागांसकट करार करायचा तर मशीनच्या किमतीच्या साधारण पाच ते आठ टक्के दरवर्षी लागतात, आणि हा खर्च देणगीदार कधी धरत नाहीत. तिसरं, त्याला लागणारी किट, रीएजंट, फिल्म, सेन्सर ही त्याच कंपनीची लागतात आणि सरकारी दरकरारात ती कंपनी नसते. चौथं, पुष्कळदा भेट मिळालेलं मशीन भांडार पंजीत (साठ्याच्या नोंदवहीत) नीट चढवलेलंच नसतं. उपकरणांच्या देखभालीसाठी केंद्राने आखलेल्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ, सामुदायिक केंद्रातली ९० टक्के वेळ आणि प्राथमिक केंद्रातली ८० टक्के वेळ चालू असावीत असं उद्दिष्ट आहे. पण देखभाल करणारी एजन्सी तिच्या यादीत जे आहे तेच दुरुस्त करते. यादीबाहेरचं मशीन बंद पडलं की ते कुणाचंच नसतं.

औषधांबद्दल थोडक्यात. तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं. ते खरेदी करतं, तपासतं, जिल्ह्याच्या गोदामात ठेवतं, आणि रुग्णालय आपल्या वाट्याच्या पासबुकावर माल उचलतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात २०१२ पासून मोफत औषध योजना आहे, पुढे महामंडळही झालं. पण दर भोपाळला ठरतात आणि मागणी रुग्णालयाने नोंदवायची असते. पुरवठादाराने उशीर केला की स्थानिक खरेदीची मर्यादा लगेच संपते. मागणीचा अंदाज बांधणारा फार्मासिस्ट खिडकीवर गोळ्याही वाटत असतो आणि संगणकावर नोंदीही करत असतो. मागच्या वर्षीचा आकडा दहा टक्के वाढवून तो मागणी पाठवतो. ज्या महिन्यात डेंग्यू वाढतो त्या महिन्यात तो आकडा चुकतो आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलवर उभे राहतात.

आता माणसांकडे येते. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

‘इतक्या जागा रिक्त’ असं तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. रिक्त म्हणजे मंजूर पदांपैकी न भरलेली. पण मंजूर पदंच मुळात किती जुन्या हिशोबाने ठरलेली असतात ते कुणी विचारत नाही. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ३२ लाख ७६ हजार होती. आज ती किती वाढली असेल ते बायपासकडे गेलात तरी दिसेल. खाटा वाढतात, नवी इमारत उभी राहते, फीत कापली जाते, आणि पदांची फाइल मात्र वित्त विभागात फिरत राहते. म्हणून सगळी मंजूर पदं भरली तरी वॉर्डात माणूस कमीच पडतो.

तुमच्या सभासदांना रात्री एकच सिस्टर दिसली. तिचा हिशोब मांडून दाखवते. तीस खाटांचा वॉर्ड धरा. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका असावी असं प्रमाण धरतात, म्हणजे प्रत्येक पाळीत पाच जणी हव्यात. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे आठवड्याला एकशे पाच ड्युट्या झाल्या. एक परिचारिका आठवड्यात सहा ड्युट्या करते. म्हणजे नुसत्या पाळ्या भरायला साडेसतरा जणी लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी तीस टक्के राखीव धरा, की आकडा तेवीसवर जातो. तीस खाटांना तेवीस! हा आकडा मी बैठकीत मांडायचे तेव्हा समोरचे अधिकारी दोनदा विचारायचे. प्रत्यक्षात अशा वॉर्डाला बारा मंजूर असतात. त्यातली एक बाल संगोपन रजेवर, एक बीएससी नर्सिंग पूर्ण करायला गेलेली, एक भांडारात बसवलेली, एक दुसऱ्या विभागाला अटॅच. उरतात आठ. या आठ जणींना तीन पाळ्यांत वाटा आणि साप्ताहिक सुट्ट्या द्या, की रात्रीला एकच उरते.

बाल संगोपन रजेचा उल्लेख मी तक्रार म्हणून करत नाहीये. बायकांच्या या नोकरीत ७३० दिवसांची ती रजा फार मोठा आधार आहे आणि ती मिळायलाच हवी. दुखणं एवढंच की सरकारने रजा दिली, पण तिच्या जागी कोण उभं राहील याची पदं दिली नाहीत. त्यामुळे एका बाईची रजा दुसरीच्या डबल ड्युटीतून भागते, आणि वॉर्डात एकमेकींवर चिडणाऱ्या बायका तयार होतात. मी रात्री राउंडला गेले की या एकट्या सिस्टर्सकडे बघून पोटात तुटायचं. सहा सलाइनी, दोन ऑक्सिजनवरचे, एक दारू सुटल्याने बरळणारा, दाराशी पोलीस, आणि वर नातेवाईकांचा ओरडा. तिच्याशी उर्मट बोलणाऱ्या माणसाला हा हिशोब कुणीतरी सांगायला हवा, म्हणून तो इतका सविस्तर लिहिला.

तज्ज्ञ डॉक्टरांचं दुखणं वेगळं आहे. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ऐंशी टक्के तज्ज्ञ कमी होते. यातलं नुकसान बेरजेने मोजता येत नाही. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळ बघणारा डॉक्टर आणि रक्ताची सोय, चारही लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, थिएटर आहे, रक्तसाठाही आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, तर त्या केंद्रावर झालेला सगळा खर्च त्या रात्रीपुरता व्यर्थ जातो. बाईला गाडीत घालून इंदूरला पाठवतात. धार, झाबुआ, आलिराजपूर, बडवानी, खरगोन, देवास, सगळीकडून गाड्या एम.वाय.कडे, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे, येतात, कारण तिथे कुणालाही परत पाठवत नाहीत. सात मजली इमारतीच्या त्या गर्दीचं मूळ इंदुरात नाही, ते शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या एका रिकाम्या खुर्चीत आहे. एम.वाय.मध्ये आणखी खाटा टाकून ते सुटणार नाही.

शहरातल्या गर्दीलाही एक चाळणी हवी होती. २०१९ साली इंदुरात संजीवनी क्लिनिकं सुरू झाली, ती त्यासाठीच. रक्तदाब, साखर, ताप-खोकला गल्लीतच बघितला जावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपये दिले, त्यात शहरी क्लिनिकंही होती. जिथे डॉक्टर टिकतो तिथे हे क्लिनिक खरंच चालतं, लोक विश्वासाने येतात. पण डॉक्टर संविदेवर असतो. त्याला पीजीला प्रवेश मिळाला की तो जातो, आणि जायलाच हवा, त्याचं आयुष्य आहे. नवा येईपर्यंत तीन-चार महिने जातात. तेवढ्यात लोक पुन्हा मोठ्या रुग्णालयाची वाट धरतात, आणि एकदा मोडलेली सवय पुन्हा लागायला वेळ लागतो.

आणि इंदूर म्हटलं की अटॅचमेंट आलीच. मुलांच्या शाळा, नवरा-बायकोच्या नोकऱ्या, यासाठी प्रत्येकाला इंदुरात राहायचं असतं. ते मी समजू शकते. त्यामुळे पद तहसीलातल्या केंद्राचं, पगार तिथून, आणि माणूस शहरातल्या ऑफिसात. कागदावर ते केंद्र ‘भरलेलं’ दिसतं म्हणून तिथे दुसरा कुणी नेमताही येत नाही. रिक्त जागा निदान दिसते, ही तर दिसतही नाही.

यात भर पडली बढत्यांची. २०१६ साली उच्च न्यायालयाने राज्याचे २००२ चे पदोन्नती नियम रद्द केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मध्य प्रदेशातल्या सरकारी बढत्या वर्षानुवर्षं थांबल्या. २०२५ मध्ये नवे नियम आले, तेही न्यायालयात गेले. या काळात शेकडो माणसं ज्या पदावर लागली त्याच पदावरून निवृत्त झाली. वरच्या खुर्च्या प्रभारींनी भरल्या: प्रभारी सीएमएचओ (जिल्ह्याचा मुख्य आरोग्य अधिकारी), प्रभारी सिव्हिल सर्जन, प्रभारी मेट्रन. प्रभारी माणसाला कुठल्याही सकाळी एका ओळीच्या आदेशाने खाली बसवता येतं. असा माणूस कठोर निर्णय कसा घेणार? ठेकेदाराचं बिल कसं अडवणार? ऑफिसात बसलेल्या अटॅचमेंटवाल्याला मूळ जागी कसा पाठवणार? कारभार ढिला का, याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं उत्तर हे आहे.

शिवाय कारभार बघायला आपण डॉक्टरलाच बसवतो. सकाळी ओपीडी, मग ऑपरेशन, मग कलेक्टर ऑफिसात बैठक, मग न्यायालयात साक्ष, मग मंत्र्यांच्या दौऱ्याची अ‍ॅम्ब्युलन्स, आणि संध्याकाळी साठ फायली. त्याला हिशोब, निविदा, कर्मचारी नियम कुणी शिकवलेलेच नसतात. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा वेगळा संवर्ग खूप आधीपासून आहे, १९३९ चा मद्रासचा कायदा त्यामागे आहे. केंद्राने २०२२ साली सगळ्या राज्यांना असा व्यवस्थापन संवर्ग उभारायला सांगितलं. आपल्या राज्यात २०२४ मध्ये आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे दोन विभाग एकत्र आले, ही चांगली गोष्ट झाली. पूर्वी एकाच शहरातलं जिल्हा रुग्णालय एका खात्याचं आणि मेडिकल कॉलेजचं रुग्णालय दुसऱ्या खात्याचं असायचं, आणि पेशंट त्यांच्या मधे अडकायचा.

आता इंदूरची एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या देणगीशी थेट जोडलेली आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा एम.वाय. उंदरांनी पोखरलेलं होतं. तेव्हाचे कलेक्टर एस. आर. मोहंती यांनी रुग्णालय रिकामं करून घेतलं, उंदीर मारले, साफसफाई केली, दुरुस्ती केली. शहराने वर्गणी दिली. तुमच्यापैकी कुणीतरी तेव्हा दिलीही असेल. त्यातून रोगी कल्याण समिती निघाली. रुग्णालयाची स्वतःची नोंदणीकृत संस्था, तिचं स्वतःचं खातं. पर्ची (केसपेपर) आणि तपासण्यांचे पैसे, देणग्या, सगळं सरकारी खजिन्यात न जाता रुग्णालयातच राहायचं आणि तिथेच खर्च व्हायचं. ही कल्पना पुढे राज्यभर गेली, आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य मिशन सुरू झालं तेव्हा देशभर पोचली. मिशनने प्रत्येक प्राथमिक केंद्राच्या समितीला वर्षाला एक लाख, देखभालीला पन्नास हजार आणि मोकळ्या खर्चाला पंचवीस हजार द्यायला सुरुवात केली. जो अधिकार कुणाच्या हातात नव्हता तो या शहराने पहिल्यांदा रुग्णालयाच्या हातात दिला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. समितीच्या बैठका वेळेवर होईनात, कारण अध्यक्षांना वेळ नसे. हळूहळू समितीचा पैसा सरकारने करायच्या खर्चाला जाऊ लागला: सफाई कामगार, गार्ड, डेटा ऑपरेटर. आणि पैसे जमवायचे म्हणजे पेशंटकडून घ्यायचे, हा भागही मला कधी पटला नाही. ज्याच्याकडे सवलतीचं कार्ड नाही आणि खिशातही काही नाही असा माणूस खिडकीवरूनच परत जाण्याची भीती त्यात असते. शुल्क अगदी नाममात्र ठेवून मोकळा निधी सरकारने द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच एम.वाय.त नवजात अतिदक्षता विभागात उंदीर चावलेली दोन बाळं दगावली. मृत्यूच्या कारणांवरून वाद झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कीटकनियंत्रणाच्या ठेकेदारावर आणि काही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बातमी वाचून मला दोन दिवस झोप लागली नाही. २०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिलं येणाऱ्या शहरात हे घडलं. शहराचा कचरा उचलला जातो, कारण तिथे गाडी, माणूस, दंड आणि पैसा एकाच आयुक्ताच्या हाताखाली आहे, आणि सकाळी सहाला कुणीतरी रस्त्यावर उभं राहून बघतं. रुग्णालयांत सफाई आणि कीटकनियंत्रण साधारणपणे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला जातं. त्याच्या हजेरीपटावर पन्नास नावं असतात आणि वॉर्डात तीस माणसं दिसतात. इन्चार्ज सिस्टरला हे रोज दिसतं. पण बिल तिच्या सहीशिवाय मंजूर होतं. निविदेत एक ओळ घाला: वॉर्डाच्या सिस्टरने महिन्याच्या कामाचा शेरा दिल्याशिवाय त्या वॉर्डाचे पैसे निघणार नाहीत. एका ठिकाणी हे करून पाहिलं होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर दुसऱ्याच महिन्यापासून सकाळी सिस्टरला विचारायला यायचा, आज कुठे कमी आहे म्हणून.

आता तुमच्या देणगीचं. मंडळातल्या दोघांनी रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटा, पण त्याआधी किंवा नंतर मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टरला नक्की भेटा. काय हवं असं विचारू नका. त्याला उत्तर म्हणून पुन्हा मशीनच येईल. गेल्या महिन्यात कुठल्या छोट्या गोष्टीमुळे काम अडलं, असं विचारा. उत्तरं वेगळी येतील: स्ट्रेचरची चाकं, वॉर्डातला फ्रीज, ऑक्सिजनचे फ्लोमीटर, सक्शनच्या नळ्या, नातेवाईकांना रात्री टेकायला बाक, सिस्टर्सच्या खोलीत कडी लागणारा संडास. जे बंद मशीन दिसलं त्याचा दुरुस्तीचा अंदाज मागा. पुष्कळदा एका बोर्डासाठी किंवा बॅटरीसाठी लाखोंचं मशीन पडलेलं असतं, आणि ते सुरू करणं नव्या मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पैसे रोगी कल्याण समितीच्या खात्यात चेकने द्या, कशासाठी दिले ते पत्रात लिहा, पावती घ्या आणि वस्तू भांडार पंजीत चढल्याची नक्कल मागा. पगारासाठी मात्र देणगी देऊ नका. तुमचे पैसे संपले की तो माणूस उघड्यावर पडतो, आणि सरकारला पद मंजूर न करायला कारण मिळतं.

दुसरं काम पैशाचं नाही, आणि मला ते देणगीपेक्षा मोलाचं वाटतं. समितीवर देणगीदारांना आणि नागरिकांना घेता येतं. तुमच्यातल्या कुणी बँकेत किंवा हिशोबात आयुष्य काढलं असेल तर त्यांचं नाव सुचवा. ते शक्य नसेल तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: गेल्या दोन वर्षांतल्या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, वॉर्डनिहाय आणि पाळीनिहाय प्रत्यक्ष हजर परिचारिकांची संख्या, आणि अटॅचमेंटवर बाहेर असलेल्यांची यादी मूळ पदासह. रिक्त पदांची यादी मागू नका, ती सगळ्यांकडे असते. पाळीनिहाय आकडा कुणाकडे नसतो, आणि तो कागदावर आला की आमदार असो वा आयुक्त, त्यांना बोलायला हाताशी काहीतरी मिळतं.

हे सगळं सप्टेंबरच्या आत करा. पुढच्या वर्षाच्या बजेटचे आणि जिल्हा आरोग्य योजनेचे प्रस्ताव पावसाळ्यानंतर तयार व्हायला लागतात. त्यांत एकदा आकडे बसले की वर्षभर हलत नाहीत. परिचारिकांच्या राखीव पदांची मागणी त्या प्रस्तावात अधीक्षकांच्या सहीने गेली, आणि सोबत तुमच्या मंडळाचं पत्र जोडलं, तर ती बाजूला ठेवणं वरच्यांना अवघड जातं. अधीक्षक नवे असतील तर वरचा तेवीस परिचारिकांचा हिशोब त्यांच्या वॉर्डाच्या खाटा घालून एका पानावर मांडून न्या. कामाच्या रगाड्यात तो मांडायला त्यांना वेळ झालेला नसतो.